खालच्या घरातली तिया

शनिवारी सकाळी अपार्टमेंटच्या कपडे धुण्याच्या खोलीत गर्दी कमी असते, म्हणून मी तेव्हाच जायचे. तिथे चार मशीन होती, त्यातलं एक कायम बंद, आणि भिंतीला लागून एक लांब टेबल. त्या शनिवारी मी ड्रायर लावून वर गेले, असाइनमेंटमध्ये अडकले आणि तासाभराने धावत खाली आले, तर ड्रायरमध्ये दुसऱ्याच कुणाचे तरी कपडे फिरत होते. माझे कपडे घडी घालून टेबलावर ठेवले होते. सगळ्यात वर माझी चादर होती, सोलापूरहून आणलेली. तिची घडी काठाला काठ जुळवून घातली होती. माझे वडील चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करतात. त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी चादरीची अशी घडी घातलेली मी पाहिली नव्हती.

टेबलाच्या टोकाला पन्नाशीच्या पुढची एक बाई मोज्यांच्या जोड्या लावत उभी होती. ठेंगणी, करड्या केसांची एकच वेणी, हिरवा स्वेटर. तिने चादरीवर तळवा ठेवला आणि मला काहीतरी विचारलं.

"नो स्पॅनिश," मी म्हणाले.

"नो इंग्लिश," ती म्हणाली.

आणि दोघी हसलो. मला अमेरिकेत येऊन पाच महिने झाले होते. त्या पाच महिन्यांत मी कुणाबरोबर मोठ्याने हसले होते का, ते मला आठवत नाही.

मी स्पॅनिश का शिकायला लागले, असं नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. मला त्याचं चांगलं उत्तर देता येत नाही. माझ्या अभ्यासाला ती लागत नव्हती, नोकरीलाही लागणार नव्हती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आई विड्या वळते. दहावीपर्यंत मी मराठी शाळेत शिकले, मग इंजिनीअरिंग, आणि मग इथे, डॅलसच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठात. इंग्रजी मला वाचता येतं, लिहिता येतं. पण वर्गात बोलायची वेळ आली की मी आधी मनात वाक्य जुळवते, ते तपासते, आणि तोवर चर्चा पुढे गेलेली असते. इंग्रजीत चुकलं की वाटतं, आता सगळ्यांना कळलं ही कुठून आली आहे ते. स्पॅनिश यावी अशी माझ्याकडून कुणाची अपेक्षाच नव्हती. त्यामुळे तिच्यात चुकायला मोकळीक होती. एवढंच कारण असावं.

माझी नागपूरची रूममेट म्हणाली, "यार, लोक अमेरिकेत येऊन अ‍ॅक्सेंट शिकतात आणि तू स्पॅनिश शिकतेस? आधी इंग्लिशमध्ये तोंड तरी उघड की."

ती चिडवत होती. मला ते लागलं, पण मी हसले.

आमचं शिकणं असं व्हायचं. ती एखादी वस्तू उचलायची आणि शब्द म्हणायची. साबण, बादली, बटण, उशीचा अभ्रा. मी म्हणायचे. चुकलं की ती हसायची आणि मान हलवायची. मी वहीत देवनागरीत लिहून घ्यायचे. स्पॅनिश देवनागरीत छान बसते, जसं ऐकावं तसं लिहिता येतं. मी आमच्या अक्षरांत लिहिलेली वही तिला दाखवली तर तिने रेषेखाली लोंबणाऱ्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांची खूण केली. मला ते फार आवडलं.

मग शनिवारची वाट न बघता मी मंगळवारी संध्याकाळीही तिच्याकडे जायला लागले. ती आमच्या अगदी खालच्या घरात राहायची. घर भाड्याने दुसऱ्याच बाईच्या नावावर होतं, आणि ती बाई पुढे काम मिळालं म्हणून दुसऱ्या गावी निघून गेली. तेव्हापासून ती एकटीच. दिवसभर ती दोन-तीन बायकांबरोबर व्हॅनमधून घरं साफ करायला जायची. डॅलसजवळच्या फ्रिस्कोमध्ये, जिथे आपले लोक मोठमोठ्या घरांत राहतात. ती होंडुरासची होती. तिची मुलगी आणि नातू तिकडेच होते. नातवाला तिने फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. एकदा मी तिला शेंगदाण्याची चटणी नेऊन दिली. तिने ती मक्याच्या पोळीत गुंडाळून खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं तरी खात राहिली, आणि पुढच्या मंगळवारी मी दारात दिसताच डबा दाखवून विचारलं, "संपली. आणली का?" ते मला पहिल्या फटक्यात समजलं. ते मला समजलेलं पहिलं पूर्ण वाक्य.

सुरुवातीला तिला हाक कशी मारावी ते मला सुचेना. आईच्या वयाच्या बाईला नुसतं 'ओ' म्हणवत नाही. मी फोनमध्ये मावशीला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते शोधलं आणि दुसऱ्या दिवशी दारातून म्हणाले, "तिया." ती इतकी हसली की तिने ओट्याला टेकून डोळे पुसले. मग माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "मिहा." म्हणजे पोरी. तिने माझं नाव विचारलं. माझ्या नावात 'ज्ञ' आहे. तिने तीनदा प्रयत्न केला, हात जोडले आणि पुन्हा 'मिहा'वर आली. तेच कायम राहिलं.

मी तिला उलट नाव विचारलं नाही.

हे इथे कुणाला समजावून सांगणं कठीण जातं. पण मोठ्या बाईला तोंडावर नाव विचारायचं, हे आमच्याकडे कुणी करत नाही. आमच्या गल्लीत काकू आहेत, मावश्या आहेत, अमक्याची आई, तमक्याची आजी. माझी आई लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा तिला तेलुगू येत नव्हतं. शेजारच्या ओसरीवर ज्या बायका विड्या वळायला बसायच्या त्या सगळ्या तेलुगू बोलणाऱ्या. त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईच्या शेजारी बसून आई विड्याही शिकली आणि तेलुगूही. तिला ती अक्का म्हणायची. भाषा कशी शिकतात याचं मी पाहिलेलं उदाहरण तेच होतं. शेजारी बसायचं, हाताने काम करायचं, नातं लावून हाक मारायची. मी तेच करत होते. मी बरोबर करते आहे, असंच मला वाटत होतं.

फोनमध्ये मी तिचा नंबर 'तिया खाली' असा ठेवला. व्हॉट्सअ‍ॅपवर तिचं नाव म्हणून 'देव म्हणजे प्रेम' अशा अर्थाची स्पॅनिश ओळ होती आणि फोटोच्या जागी गुलाबाची फुलं.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत एका मंगळवारी तिने जिना चढताना भिंत धरली. मग बोट डोक्याभोवती गोल फिरवून दाखवलं. कधीपासून, मी विचारलं. तिने खांदे उडवले. काही दिवसांनी ती म्हणाली की दवाखान्याची वेळ घेतली आहे, तू चल, तू बोल. मी घाबरले. माझं इंग्रजी डॉक्टरसमोर, आणि माझी स्पॅनिश तिच्यासमोर, दोन्हीकडे मी अर्धी. पण गेले.

तो स्वस्तात बघणारा दवाखाना होता, बसायला जागा नव्हती इतकी माणसं. मला एकच काळजी होती, 'चक्कर'ला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते मला येत नव्हतं. मी फोनमध्ये तो शब्द शोधत होते. 'मारेओ'. मी तो वहीत लिहून घेतला, आणि मान वर केली तर तिया उठून दाराकडे चालायला लागली होती. नर्सने नाव पुकारलं होतं. मी वही बंद करून तिच्या मागे धावले.

डॉक्टर बाई चांगल्या होत्या, हळू बोलल्या. रक्तदाब खूप वाढला होता. गोळ्या दिल्या, एका तपासणीसाठी परत बोलावलं. मी मधे बसून सगळं इकडून तिकडे, तिकडून इकडे सांगितलं, अडखळत, हातवारे करत. घरी आल्यावर मी तिला कागदावर सूर्य आणि चंद्र काढून गोळ्यांच्या वेळा लिहून दिल्या. तिने तो कागद फ्रिजवर लावला. बसच्या थांब्यावर तिच्या ओळखीची एक बाई भेटली होती, तिला ती माझा दंड धरून सांगत होती की ही माझी पोरगी, ही डॉक्टरशी बोलली. त्या दिवशी मी पहिल्यांदा या देशात कुणाच्या तरी उपयोगाची आहे असं मला वाटलं.

मार्चमध्ये माझ्या परीक्षा आणि एक प्रोजेक्ट एकाच आठवड्यात आले. मी आठ दिवस खाली गेले नाही. तिने एकदा फुलांचं चित्र पाठवलं, मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. तपासणीला जाऊन आलीस का, हे विचारायचं मनात होतं. परीक्षा झाल्यावर विचारू, असं ठरवलं.

शनिवारी मी कपडे घेऊन खाली गेले तर ती नव्हती. तासभर वाट पाहिली. दार वाजवलं. फोन लावला, तो बंद. अंगणात पाइप दुरुस्त करणारा आमच्या अपार्टमेंटचा माणूस होता. त्याला विचारलं.

"ती स्पॅनिश बाई? तिला गुरुवारी अ‍ॅम्ब्युलन्स घेऊन गेली. समोरच्याने फोन केला होता. दारात पडली होती म्हणे."

"कुठे नेलं?"

"जवळच्याच हॉस्पिटलमध्ये असेल. मला काय माहीत."

समोरच्या माणसाने दार अर्धं उघडलं. त्यालाही एवढंच माहीत होतं. ऑफिसातली मुलगी म्हणाली, घर ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याशिवाय कुणाबद्दल आम्ही सांगू शकत नाही, आणि ज्यांच्या नावावर आहे त्या तर इथे राहत नाहीत.

दोन बस बदलून मी त्या हॉस्पिटलला गेले. वाटेत मी एकच विचार करत होते. ती तिथे एकटी आहे, तिला इंग्रजीचा एक शब्द कळत नाही, आणि कुठे दुखतंय हे सांगायला तिच्याजवळ कुणी नाही. बरं, तिच्या मुलीला कुणी कळवलं असेल का? मला पोचायला हवं होतं. बाकी काही नाही, फक्त पोचायला.

काउंटरवर एक वयस्कर बाई होती, गळ्यात चष्म्याची साखळी.

"पेशंटचं नाव?"

मी काउंटरच्या जवळ सरकले.

"तिया," मी म्हणाले.

तिने टाइप केलं. "आडनाव?"

"मला माहीत नाही."

"जन्मतारीख?"

"माहीत नाही."

तिने चष्मा लावून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही नातेवाईक आहात?"

"हो," मी म्हणाले. मग म्हणाले, "नाही. म्हणजे, त्या माझ्या मावशी आहेत. शेजारी राहतात."

मी वर्णन सांगितलं. एवढी उंची, एक वेणी, हिरवा स्वेटर, डाव्या बाजूच्या एका दाताला सोनेरी टोपी. गुरुवारी आणलं, अ‍ॅम्ब्युलन्सने. माझ्या इंग्रजीत हे सगळं सांगताना मागे रांग झाली होती. ती बाई ओरडली नाही. उलट फार हळू म्हणाली, "बेटा, वर्णनावरून मला शोधता येत नाही. आणि नाव नसेल तर मी काही सांगूही शकत नाही. नाव आण. नाव आणलंस की मी बघते."

मी तिथेच एका खुर्चीवर बसले. दोन तास बसले. लिफ्ट उघडली की बघायचे. दवाखान्यात नर्सने नाव पुकारलं होतं ते आठवायचा मी प्रयत्न केला. आवाज आठवत होता, दार आठवत होतं, नाव आठवत नव्हतं. ते मी ऐकलंच नव्हतं. मी 'चक्कर' शोधत होते. वही पर्समध्येच होती. मी ती उघडून पहिल्यापासून चाळली. चारशेच्या वर शब्द होते. झाडू, पायपुसणं, कोथिंबीर, नातू, पाठ, थकवा. तिने मला इतकं सांगितलं होतं. स्पॅनिशच्या कुठल्याही पुस्तकात पहिला धडा 'तुमचं नाव काय' हाच असतो, हे मी नंतर पाहिलं. मी पुस्तक घेतलंच नव्हतं.

रविवारी सकाळी आईला व्हिडिओ कॉल केला. तिच्याकडे संध्याकाळ होती. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पानं. हात चालूच.

"मग काय नाव तिचं?" आईने विचारलं.

"तेच तर माहीत नाही गं."

तिला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. "अक्काचं नाव मला तरी कुठं ठाऊक होतं? ती गेल्यावर पोरगा दाखला आणायला गेला, तवा त्यावर वाचलं त्यानं."

"आणि आधी कधी लागलं नाही?"

"कशाला लागंल? आजारी पडली तर आम्ही समद्या तिथंच की. रात्री कोण, दिवसा कोण, पाळी लावलेली. नाव लागतंय कुणाला?" मग तिने विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता थांबून माझ्याकडे पाहिलं. "तुला आत सोडनात होय?"

"नाही सोडत."

"नावाबिगर?"

"नावाशिवाय नाही."

आईने विडी सुपात टाकली. मग म्हणाली, "जेवलीस का?"

मग मला फ्रिस्कोच्या काकू आठवल्या. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्यांनी विचारलं होतं की कुणी चांगली क्लीनिंगवाली माहीत आहे का, आणि मीच तियाचा नंबर दिला होता. ती त्यांच्याकडे दर दुसऱ्या शुक्रवारी जायची. मी काकूंना फोन केला. पहिल्यांदा लागला नाही. संध्याकाळी त्यांचा आला.

"अगं हो, शुक्रवारी आली नाही ती. दुसऱ्याच कुणाला पाठवलं त्यांनी. मी म्हटलं सुट्टीवर असेल. काय झालं?"

मी सांगितलं.

"अरे देवा. किती छान काम करायची गं. देवघराला हात लावायच्या आधी स्वतःहून हात धुवायची, मी कधी सांगितलं नाही."

"काकू, तिचं नाव काय?"

"नाव..." काकू थांबल्या. "काहीतरी एमवरून होतं. की ती आधीची? थांब हं." मग मागे वळून त्यांनी लेकीला हाक मारली. "अगं, आपल्या क्लीनिंग लेडीचं नाव काय गं?"

मागून लेकीचा आवाज आला. "आय डोन्ट नो, मॉम."

"तुला तर स्पॅनिश आहे ना शाळेत? बोलायचीस की नाही तिच्याशी?"

"मॉम, शी टॉक्स सो फास्ट! आणि आय वॉज ऑलवेज इन माय रूम."

काकू माझ्याकडे परत आल्या. आवाज उतरलेला होता. "नाही गं माहीत. वर्ष होईल आता. मी तिला 'हॅलो, हॅलो' म्हणायचे." मग म्हणाल्या, "त्यांच्या व्हॅनवाल्या बाईचा नंबर आहे माझ्याकडे, तो पाठवते. आणि ऐक, गाडी लागली तर सांग. काकांना पाठवते तुला न्यायला. संकोच करू नकोस."

काकू वाईट नव्हत्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्यांच्यात आणि माझ्यात मला तेव्हा फारसा फरक दिसला नाही. मी तिच्याशी नातं लावलं होतं, एवढाच.

व्हॅनवाल्या बाईने रविवारी फोन उचलला नाही, सोमवारीही नाही. मी मेसेज पाठवले. अनोळखी नंबरवरून कुणी चौकशी करायला लागलं की हे लोक उत्तर देत नाहीत, हे मला कळत होतं. त्यांच्या जागी मीही दिलं नसतं. मंगळवारी दुपारी तिने उचलला. मागे व्हॅक्युम चालू होता.

तिने स्पॅनिशमध्ये विचारलं, "कोण बोलतंय?"

मी पाठ केलेलं वाक्य विसरले. म्हणाले, "मी वरच्या घरातली. हिंदुस्थानातली. मी विद्यार्थिनी आहे. मी तियाला शोधते आहे."

"कुणाला?"

"बाई. वेणीची. तुमच्याबरोबर काम करते. ती आजारी. मी हॉस्पिटलला गेले, मला आत नाही सोडलं."

व्हॅक्युम बंद झाला. ती हळू बोलायला लागली, माझ्यासाठी. एकेक शब्द सुटा करून. त्यामुळे मला सगळं समजलं. काही समजायचं राहिलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

काल गेली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. शनिवारी, रविवारी शुद्धीवर होती. नर्सेस काय म्हणतात ते तिला कळत नव्हतं, यंत्रावर दुभाषा लावायचे पण ती त्या यंत्राशी बोलायची नाही. "रविवारी मी तासभर जाऊन आले," ती म्हणाली. "जास्त थांबता आलं नाही. तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकीजवळ."

मी शनिवारी खाली बसले होते. दोन तास.

तिने विचारलं, ऐकते आहेस ना? मी हो म्हणाले. तिने मुलीचा होंडुरासचा नंबर दिला. म्हणाली, तिला फोन कर, तिला आईबद्दल ऐकायचं आहे, इथलं तिला सांगणारं कुणी नाही. मी नंबर लिहून घेतला. नाव विचारायचं मला तेव्हाही सुचलं नाही. ती गेल्याचं ऐकल्यावर ते मागेच पडलं.

दोन दिवस मी फोन केला नाही. वहीत वाक्यं लिहिली, खोडली. तुमची आई फार चांगली होती. त्यांनी मला भाषा शिकवली. ही वाक्यं बरोबर होती, पण ती कुणाबद्दलही लिहिता आली असती. शेवटी गुरुवारी दुपारी वर्गातून बाहेर येऊन लायब्ररीच्या मागच्या पायरीवर बसून मी नंबर लावला.

तिचा आवाज बसलेला होता. मी कोण ते सांगितलं.

"हो," ती म्हणाली. "वरच्या घरातली. आई सांगायची. दाण्याचं तिखट खायला देते ती." मग जरा थांबून म्हणाली, "तू तिच्या गोळ्यांचं चित्र काढलं होतंस. तिने मला फोटो पाठवला होता."

मी वही मिटून मांडीवर ठेवली.

"तिच्याजवळ कुणी होतं का?" तिने विचारलं. "तिकडे? शेवटी?"

मी 'हो' म्हणू शकले असते. ते म्हणायला स्पॅनिश फारशी लागत नाही. व्हॅनवाली बाई गेली होती, मी हॉस्पिटलपर्यंत गेले होते, यातलं काहीही खोटं नव्हतं. ती लांब होती, तिला बरं वाटलं असतं. तिकडून तिने विचारलं, "आहेस का?"

"मी शनिवारी गेले होते," मी म्हणाले. "दारापर्यंत. त्यांनी नाव विचारलं. मला तुझ्या आईचं नाव माहीत नव्हतं. मी तिला तिया म्हणायचे. म्हणून मी वर नाही गेले. मी खाली बसले. ती वर होती."

माझ्या स्पॅनिशमध्ये ते असंच आलं, लहान लहान तुकड्यांत. जास्त चांगलं सांगायची माझी ऐपत नव्हती. तिकडे कुणीतरी मोटरसायकल चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. एक मूल काहीतरी विचारत होतं आणि तिने त्याला गप्प केलं.

मला वाटलं ती फोन ठेवेल. तिने ठेवला असता तरी मला चाललं असतं.

तिने तिच्या आईचं नाव सांगितलं. चार शब्दांचं होतं, दोन नावं आणि दोन आडनावं. ती ते हळूहळू म्हणाली आणि थांबली. मला कळायला वेळ लागला की ती माझ्या म्हणण्याची वाट बघते आहे. मी म्हणाले. दुसऱ्या शब्दात चुकले. तिने पुन्हा सांगितलं. मी पुन्हा म्हणाले, आता शेवटच्यात चुकले. वही मांडीवर होती, पण मी लिहून घेतलं नाही, नुसती म्हणत राहिले. ते नाव मी इथेही लिहीत नाही. विचारायचं तेव्हा विचारलं नाही, आता ते चारचौघांपुढे मांडायचा हक्क मला आहे असं वाटत नाही.

तिसऱ्या वेळी बरोबर आलं असावं. कारण ती "हो" म्हणाली, आणि मग रडायला लागली. मी फोन कानाला धरून बसून राहिले. रडणाऱ्या माणसाला त्यांच्याकडे काय म्हणतात, ते मला अजून येत नव्हतं.